प्रार्थनेला चक्कर का येते?

बालमित्रांनो, मागच्या वेळी आपण दातांविषयी बोललो. त्यावर तुमची बरीच पत्रं आली. त्यातल्या एका पत्राचं उत्तर आज शेवटी देणार आहे. पण त्याआधी एक घडलेली गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगताना मला माझी स्वतःची एक चूक कबूल करावी लागणार आहे. शिक्षकांच्या चुका ऐकायला तुम्हांला किती आवडतं ते मला ठाऊक आहे! म्हणून नीट वाचाल अशी खात्री आहे.

पावसाळ्यातली गोष्ट. आमचं शहापूर भंडाऱ्याजवळच, नागपूरकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर. रस्ता सोडून जरा आत गेलं की सगळीकडे धानाच्या बांध्या. रोवणीचे दिवस होते. म्हणजे गावातली जवळजवळ प्रत्येक आई सकाळी सहालाच चिखलात उतरलेली. साडेदहाची प्रार्थना सुरू होती. पाऊस उघडला होता आणि उन्हाचा चटका लागत होता. प्रतिज्ञा अर्ध्यावर आली आणि चौथीच्या रांगेतून 'धप्प' असा आवाज आला. एक मुलगी खाली पडली होती. तिचं नाव मी सांगणार नाही, कारण तीही हे सदर वाचते.

सगळी मुलं तिच्याभोवती जमली. कुणी म्हणालं तोंडावर पाणी मारा, कुणी म्हणालं कांदा हुंगवा. सहावीतला एक वीर तर चप्पल हातात घेऊनच धावत आला! आम्ही तिला सावलीत आडवं निजवलं, पाय दप्तरांवर उंच ठेवले, गळ्याशी असलेलं बटण सैल केलं आणि गर्दी मागे हटवली. अर्ध्या मिनिटात तिनं डोळे उघडले.

आणि इथं माझी चूक झाली. ती उठून बसल्याबरोबर मी सगळ्यांसमोर तिला विचारलं, "काय गं, घरून जेवून यायला काय होतं? आई काही देत नाही का?"

ती काहीच बोलली नाही. नुसती मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

आता ती घरी का बसली ते पुढे सांगते. आधी ती पडली का, ते समजून घेऊ.

आदल्या रात्री ती साडेसातला जेवली होती. प्रार्थना साडेदहाची. बोटांवर मोजा बरं! पंधरा तास झाले. आपण झोपलो तरी शरीर झोपत नाही. हृदय चालू, फुप्फुसं चालू, आणि मेंदू तर चोवीस तास चालू. मोठ्या माणसाच्या वजनात मेंदूचा वाटा पन्नासावा, पण शरीराला जी शक्ती लागते तिच्यातला पाचवा हिस्सा हा एकटा खातो. लहान मुलांत तर त्याहून जास्त. आणि याची आवड ठरलेली: साखर. चहातली साखर नव्हे हो! आपण खाल्लेल्या भाता-पोळीची पोटात जी साखर होते, ती ग्लुकोज नावाची. रात्री ही साखर पुरवतं कोण? आपलं यकृत. यकृत म्हणजे शरीराची कणगीच समजा. जेवल्यावर त्यात साठा होतो आणि रात्रभर थोडा थोडा बाहेर पडतो. लहान मुलांची कणगी लहान असते, म्हणून सकाळपर्यंत ती तळाला जाते. शरीर मग दुसरीकडून कशीबशी सोय करतं, पण डोकं जड होतं, चिडचिड होते, फळ्यावरचं गणित दोनदा वाचावं लागतं.

पण नुसत्या उपाशीपोटामुळे ती पडली नाही. दुसरं कारण होतं 'सावधान'. आपण एकाच जागी ताठ उभे राहिलो की रक्त पायांकडे उतरतं. ते वर ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना, पळताना पोटरी आवळते, सुटते, आणि पंपासारखं रक्त वर जातं. पुतळ्यासारखं उभं राहिलं की हा पंप बंद. त्यात ऊन असलं तर रक्त कातडीकडे जातं, घाम जातो, डोक्याला रक्त कमी पडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस खाली पडतो. आडवा झाला की रक्त पुन्हा डोक्याकडे जातं आणि तो शुद्धीवर येतो. म्हणून पडलेल्याला लगेच उचलून बसवू नका. निजू द्या. तो पूर्ण सावध होईपर्यंत तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनळीत जाऊ शकतं. कांदा आणि चप्पल यांचा काहीही उपयोग नाही. एक-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही, हातपाय झटकू लागले, डोक्याला मार लागला किंवा पळता पळता पडला, तर वेळ न घालवता दवाखान्यात न्यायचं. आणि पुन्हा पुन्हा असं होत असेल तरी डॉक्टरांना दाखवायचंच.

प्रार्थनेत उभं असताना चक्कर येईल असं वाटलं तर बुटात पायाची बोटं हलवा, पोटऱ्या आवळा-सोडा. तरीही डोळ्यांपुढे अंधार आला तर सरळ खाली बसा. राष्ट्रगीत चालू असलं तरी बसा. कुणी रागावणार नाही. रागावलंच तर माझं नाव सांगा.

आता तिच्या घरची गोष्ट. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्या घराकडे गेले. घराला कडी. शेजारच्या आजीनं सांगितलं, "मायलेकी बांधीत आहेत जी." मग धुऱ्यावरून तोल सांभाळत तिथं गेले. (चपला हातात होत्या. दोनदा घसरले तेव्हा चिखलातल्या सगळ्या बाया मनापासून हसल्या.) तिची आई पऱ्ह्यांची जुडी हातात घेऊन उभी राहिली. नमस्कार केला आणि म्हणाली, "मॅडम, आमी का लेकराले उपाशी ठेवतो का जी? साऱ्या शाळेत तसं झालं म्हणे. पोरगी रातभर रडली."

मला काय बोलावं सुचेना. मी म्हटलं, "चुकलं माझं."

मग तिनं सगळं सांगितलं. ती पाचला उठते. भात मांडते, वरण करते, गंज झाकून ठेवते आणि सहाला निघते. निघताना मायलेकी मिळून चहा घेतात. नंतर ही मुलगी धाकट्या भावाला उठवते, तोंड धुऊन देते, भरवते, अंगणवाडीत सोडते, भांडी विसळते आणि शाळेकडे पळते. गंजात भात असतो, वरण असतं. पण सहाला चहा पोटात गेल्यावर सातला भूक लागत नाही, आणि नऊला भूक लागते तेव्हा भाऊ अंगणवाडीत जायला रडत असतो.

म्हणजे घरात अन्न होतं. खाणारीला वेळ नव्हता. मी मात्र चारचौघांत तिच्या आईलाच दोष देऊन मोकळी झाले होते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून माफीही सगळ्यांसमोर. मग तिच्या आईनं एक दिवसाची रोजी बुडवून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांचं हिमोग्लोबिन साडेअकरा तरी असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिचं त्याहून बरंच कमी निघालं.

आता तुम्ही म्हणाल, शाळेत आठवड्याला लोहाची गोळी मिळते ना? मिळते. पाचवीपर्यंत गुलाबी, सहावीपासून निळी. पण आमच्या वर्गाच्या खिडकीखालची माती एक दिवस मी नीट पाहिली, तेव्हा कळलं की शहापूरची सगळ्यात लोहयुक्त जमीन तीच आहे! मुलांनो, गोळीनं कधी पोट ढवळतं, शी काळी होते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. उपाशीपोटी घेतली तर मळमळ जास्त होते, म्हणून जेवल्यावर घ्यायची. चहाबरोबर मात्र कधीच नाही. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं आणि रक्तात जाऊ देत नाही. लिंबू याच्या उलट, ते लोहाला आत जायला मदत करतं. जेवणाआधी आणि जेवणानंतर तासभर चहा नको, आणि वरणावर लिंबू पिळायचं. एवढं केलं तरी तेच जेवण जास्त लागू पडतं. जंताच्या गोळीचंही तसंच. जंत आपल्या आधी जेवून घेतात, मग आपल्याला काय उरणार?

पालकांना एक गोष्ट आवर्जून सांगते. आपल्या विदर्भात सिकलसेल हा आजार बऱ्याच घरांत आहे. रक्त कमी असण्यामागे तोही असू शकतो. आई-वडिलांकडून मुलांत येणारा हा आजार आहे. त्याला कुणाचा दोष नाही आणि तो शिवल्यानं होत नाही. सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी होते, ती करून घ्या. असं मूल वर्गात असेल तर त्याला पाणी जास्त प्यायला द्यायचं, दमेपर्यंत पळवायचं नाही, थंडीत कुडकुडू द्यायचं नाही. आणि हे वर्गशिक्षकांना सांगून ठेवा. लपवण्यात मुलाचंच नुकसान आहे.

याच सुमारास पालकसभा झाली. एक काका उठून म्हणाले, "मॅडम, भातानंच पोरं कच्ची राह्यतात. गव्हाची पोळी खाऊ घाला, पहा कशी होतात ते." त्यावर दुसऱ्यांनी आवाज चढवला. धानाच्या जिल्ह्यात भाताला नावं ठेवली तर भांडण होणारच! तेव्हा मी त्यांना कोंबड्यांची गोष्ट सांगितली. तुम्हांलाही सांगते.

शंभराहून जास्त वर्षं झाली. जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमान नावाचे डच डॉक्टर होते. तिथं बेरीबेरी नावाचा रोग फार पसरला होता. माणसाच्या पायांतली शक्ती जायची, हृदय दुबळं व्हायचं, माणसं मरायची. डॉक्टर जंतू शोधत होते. एके दिवशी त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्याच लटपटायला लागल्या. पाय मुडपून पडू लागल्या. आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या. हे काय गौडबंगाल? शोध घेतला तेव्हा कळलं की मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी दवाखान्याच्या स्वयंपाकघरातला पांढराशुभ्र, घासलेल्या तांदळाचा भात मिळत होता. पुढे नवा आचारी आला. तो म्हणाला, लष्कराचा भात कोंबड्यांना मिळणार नाही! तेव्हापासून त्यांना साधा, कोंड्यासकट तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या. त्या आचाऱ्याचा कंजूषपणा विज्ञानाच्या कामी आला. तांदळाच्या वरच्या तांबूस पापुद्र्यात जीवनसत्त्व ब-१ असतं, हे पुढे समजलं. आइकमान यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्याकडेही १९१८ साली कुन्नूरला याच बेरीबेरीच्या अभ्यासासाठी एक लहानशी प्रयोगशाळा सुरू झाली. तीच वाढत वाढत आजची हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाली.

तेव्हा भात वाईट नाही. भाताला आपण किती घासून पुसून घेतो तो प्रश्न आहे. गिरणीवाल्याला 'जरा कमी पॉलिश करा' म्हणायला काही पैसे पडत नाहीत. जेवढा पांढरा, तेवढा श्रीमंतीचा, असं आपल्या मनात बसलंय. उकडा तांदूळ असेल तर फारच छान. धान सालासकट भिजवून वाफवलं की वरच्या पापुद्र्यातला बराचसा कस दाण्यात उतरतो आणि नंतर घासला तरी उरतो. तांदूळ धुताना पाणी एकदम निर्मळ होईपर्यंत चोळू नका. पेज फेकू नका, मीठ घालून प्या. आणि भात एकटा खाऊ नका. प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यातलं लायसिन भातात कमी असतं, ते डाळीत भरपूर असतं. डाळीत जे कमी, ते भातात. म्हणून वरण-भात हे जोडपं आहे. फक्त भाताचा डोंगर आणि वरणाचा ओघळ असं नको. वरण घट्ट हवं.

त्याच सभेत आणखी एक जुना विषय निघाला, प्लास्टिकच्या तांदळाचा. मागे आमच्याकडे याची मोठी आवई उठली होती. रेशनच्या आणि शाळेच्या तांदळात काही दाणे वेगळे दिसायचे. किंचित पिवळट, पाण्यात तरंगणारे. बाया ते वेचून फेकत होत्या. ते प्लास्टिक नव्हतं. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ मिसळून यंत्रात दाण्याच्या आकाराचे केलेले ते दाणे होते. शंभर दाण्यांत एक या हिशेबानं ते मिसळत. २०२१ च्या स्वातंत्र्यदिनी त्याची घोषणा झाली आणि २०२४ पर्यंत तो तांदूळ रेशनमध्ये आणि शाळांत सगळीकडे पोचला होता. म्हणजे ज्या मुलांना लोहाची गरज, त्यांच्याच आया लोह वेचून कोंबड्यांना टाकत होत्या! यात बायांची चूक मी मानत नाही. नवी वस्तू घरात येते आणि ती काय आहे हे कुणी सांगत नाही, तर माणूस घाबरणारच.

शाळेच्या खिचडीबद्दलही एक गैरसमज आहे. पालकांना वाटतं, शाळेत जेवण मिळतं, मग सकाळी नाही खाल्लं तरी चालेल. पाचवीपर्यंतच्या मुलासाठी शाळेच्या जेवणात १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ धरलेली असते. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशेब आहे. सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. दिवसभराच्या गरजेचा हा एक भाग झाला. ती दुपारची भर आहे, दिवसाची सुरुवात नव्हे.

मग आम्ही काय केलं? आमच्या वर्गानं 'सकाळची मूठ' सुरू केली. ही कल्पना माझी नाही, त्या चक्कर आलेल्या मुलीच्या आईची आहे. तिनं मुलीच्या दप्तरात मुरमुरे, फुटाणे आणि गुळाचा खडा यांची पुरचुंडी बांधून द्यायला सुरुवात केली. भावाला सोडून शाळेकडे येता येता ती खायची. मी विचारलं, "सगळ्यांनीच आणलं तर?" आता प्रार्थनेआधी पंधरा मिनिटं आमची चौथी निंबाच्या झाडाखाली बसते आणि आपापली मूठ उघडते. नियम एकच: पाकीट फोडून आणलेलं नको, घरातलं काहीही चालेल. भिजवलेले चणे येतात, मोडाचे मूग येतात, शेंगदाणे-गूळ येतो, रात्रीच्या भाताला फोडणी देऊन येते. (रात्रीचा भात आंबूस वास मारत असेल तर टाकून द्या. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात तो लवकर नासतो. पुन्हा खायचा असेल तर वाफ निघेपर्यंत गरम करा.) दिवाळीच्या आसपास बोडीतले शिंगाडे उकडून येतात. ढिवर आळीतली मुलं ते आणतात तेव्हा त्यांच्याभोवती सगळे गोंडा घोळतात. एकाची आई अंडं उकडून देते. ज्याच्याकडे काहीच नसेल त्याला इतरांच्या मुठीतून चिमूट चिमूट मिळते, आणि गंमत म्हणजे त्याचीच मूठ सगळ्यात मोठी होते!

पाकिटांवरून मात्र वाद झाला. "मॅडम, पाच रुपयांत पाकीट येते, फुटाणे महाग आहेत," एक जण म्हणाला. वादाचा निकाल तराजूनं लावायचा ठरलं. दुकानातून काटा मागून आणला. पाच रुपयांचं पाकीट फोडलं, आतला माल काट्यावर ठेवला. मग पाच रुपयांचे फुटाणे. काटा फुटाण्यांच्या बाजूनं खाली गेला. पाकिटात अर्ध्याहून जास्त हवा होती. मग आम्ही पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर भिंगानं वाचलं. मीठ तिथं 'सोडियम' या नावानं लपलेलं असतं. दिवसभरात मोठ्या माणसानंही ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका चहाच्या चमच्यापेक्षा, जास्त मीठ खाऊ नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांनी त्याहून कमी. वादी मुलगा शेवटी म्हणाला, "पण चव तर पाकिटालाच आहे जी." खरं आहे. म्हणून महिन्यातून एकदा पाकीट खायला माझी हरकत नाही. रोजचं जेवण ते नव्हे.

व्यायामाचं आता थोडक्यात सांगते, कारण पानाची जागा संपत आली.

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज तासभर तरी धाप लागेल असं हललं पाहिजे. शाळेत चालत येणाऱ्यांचा अर्धा तास इथंच भरतो. व्हॅननं येणाऱ्यांनी बाकीचं पाहा. यंत्रं नकोत, महागडे बूट नकोत. खो-खोला काय लागतं? दोन खांब आणि मोकळी जागा. आठ जण उकिडवे बसतात, एक जण पाठलाग करतो. उठणं, बसणं, वळणं, पळणं, सगळं त्यात आलं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि तो मुलांच्या आणि मुलींच्या अशा दोन्ही संघांनी भारताला मिळवून दिला. दोन्ही कप्तान महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. आपल्या विदर्भात तर ही परंपरा फार जुनी आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलं, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या मंडळींनी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं परदेशी लोकांना करून दाखवली.

एक गोष्ट आम्हा शिक्षकांची. उठाबशा हा मांड्यांचा किती सुंदर व्यायाम! पण आम्ही तो वर्षानुवर्षं शिक्षा म्हणून वापरला आणि मुलांच्या मनातून उतरवला. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानं शारीरिक शिक्षा बंद केली, हे उत्तम झालं. आता उठाबशांचं नाव पुन्हा चांगलं करायला हवं. मी वर्गात मुलांबरोबर वीस काढते. पंधराव्याला माझी धाप मुलं मोजतात.

धाप मोजायची असेल तर एक प्रयोग करा. डाव्या मनगटावर अंगठ्याखाली उजव्या हाताची दोन बोटं ठेवा. नाडी लागली की पंधरा सेकंद ठोके मोजा, त्याला चारनं गुणा. आता दोन मिनिटं लंगडी घाला आणि लगेच पुन्हा मोजा. मग पाच मिनिटांनी पुन्हा. तिन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा. रोज खेळलात तर महिन्याभरात ती नाडी लवकर खाली यायला लागते. आई, बाबा, आजी, आबाजी यांचीही बसल्या जागची नाडी मोजून द्या. त्यांना बरं वाटतं.

पालकांसाठी दोन ओळी. रोवणीच्या, कापणीच्या दिवसांत आई सहाला जाते. तेव्हा मुलांच्या पुढ्यात भात वाढून 'हे खाल्ल्याशिवाय उठू नको' म्हणायला घरात दुसरं कुणी नसतं का? बरेचदा असतं. बाबांना चौकात जाऊन चहा प्यायला वेळ मिळतो, तेवढाच वेळ याला पुरतो. आणि दहा वर्षांच्या मुलीच्या अंगावर भावाचं सगळं टाकताना तिनं स्वतः खाल्लं का, एवढं तरी संध्याकाळी विचारा.

आता ते पत्र. मोहाडी तालुक्यातल्या सातवीच्या एका मित्रानं विचारलंय, "दुधात टाकायची पावडर घेतली तर उंची वाढते का? आमच्याकडे आई डबा आणत नाही."

मित्रा, आई बरोबर करते. उंची किती वाढणार हे बरंचसं आई-वडिलांकडून येतं, आणि उरलेलं पोटभर जेवण, झोप आणि आजारपण न येणं यांवर असतं. अशा बऱ्याच पावडरींत साखरच खूप असते. २०२४ साली केंद्र सरकारनं ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना कळवलं की अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली दाखवू नका, कारण अन्नाच्या कायद्यात तशी व्याख्याच नाही. नुसतं दूध पी. दूध नसेल तर घट्ट वरण खा, अंडं खा, तलावातली मासळी मिळाली तर खा. आणि रात्री मोबाइल ठेवून नऊ तास झोप.

ती चौथीची मुलगी आता पाचवीत गेली आहे. परवा प्रार्थनेआधी निंबाखाली आली आणि माझ्यासमोर मूठ धरून म्हणाली, "मॅडम, तुमी काही खाल्लं का जी?" मी खाल्लं नव्हतं. सकाळच्या घाईत नुसता चहा झाला होता. तिनं अर्धे फुटाणे माझ्या हातावर ओतले.

पुढच्या अंकात लाखोळीच्या डाळीविषयी. तोवर तुमच्या नाडीचे तीन आकडे पत्रातून कळवा.